इमामसाबमामांचा हात

विंचू चावलेल्या माणसाचं काय करायचं, हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका वॉर्डबॉयकडून कळलं. आता मी हे सरळ सांगतो; पूर्वी सांगत नव्हतो. पूर्वी विद्यार्थ्यांपुढे उभा राहून ‘आमच्या अनुभवानुसार’ असं म्हणायचो, आणि त्या ‘आमच्या’त इमामसाबमामा कुठल्या कोपऱ्यात बसले आहेत, हे कुणाला कळत नसे. त्यांनी हे ऐकलं असतं तर हसले असते. की नसते हसले, कोण जाणे.

गोष्ट बाराएक वर्षांपूर्वीची. एम.बी.बी.एस. होऊन मी सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून लागलो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात त्या इमारतीपेक्षा माझा दोष जास्त आहे. माझं सगळं सामान एका बॅगेत मावत होतं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं, आणि गंमत म्हणजे पहिल्याच आठवड्यात माझी गाठ विंचवांशीच पडली. आमच्याकडे अक्कलकोट बाजूच्या खेड्यांतून, दक्षिण भागातून माणसं यायची. कडबा उचलताना, सरपण काढताना, दगड हलवताना चावलेली. उन्हाळ्यात एखाद्या दिवशी चार-चार.

दवाखान्यात सगळे वॉर्डबॉय ‘मामा’ आणि सगळ्या आया ‘मावशी’ असतात. पण नुसतं ‘मामांना बोलवा’ म्हटलं की इमामसाबच यायचे, बाकीच्यांना नाव लावावं लागे. उंच, खांद्यात वाकलेले, पांढरी दाढी बारीक कातरलेली. गाव मैंदर्गी, पण नोकरीसाठी भवानी पेठेत एक खोली घेऊन राहिलेले. खेड्यातल्या माणसाशी ते मराठी बोलत, सीमेकडच्या माणसाशी कानडी, घरी दखनी. आणि डॉक्टरांसाठी त्यांनी चौथी भाषा राखून ठेवली होती, ती म्हणजे गप्प बसणं. ती भाषा मला उशिरा समजली.

माझ्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. मे महिना, सकाळचे दहा. एक धिप्पाड ट्रॅक्टरवाला आला. पायाच्या अंगठ्याला विंचू चावलेला. तिघांनी धरला तरी खाटेवर मावेना, आणि त्याच्या ओरडण्यानं ओपीडीतली लहान पोरं रडायला लागली. मी इंजेक्शन घेऊन त्याच्याकडे धावलो. तेवढ्यात मामांनी माझ्या कोपराला हलकेच हात लावला.

“साहेब, हिकडं या.”

बाकावर एक म्हातारा गवंडी बसला होता. शांतपणे उपरण्यानं गळा पुसत होता. मामा त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि त्याचं पाऊल त्यांनी दोन्ही तळहातांत घेतलं.

“यांना काय झालंय?”

“त्यास्नी पण विंचूच.”

“मग ते ओरडत का नाहीत?”

“म्हणून तर म्हनलं, हिकडं या.”

मी नाडी धरली. नाडी पळत होती, रक्तदाब मोजला तर आभाळाला टेकलेला, अंग घामानं निथळत होतं आणि तरीही पाय गार. विष पायातच राहिलं की माणूस वेदनेनं लोळतो, पण बहुतेक वाचतो. विष अंगात भिनलं की दुखणं त्या मानानं कमी असतं, आणि आत हृदयावर घाला पडतो, फुप्फुसात पाणी भरतं. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. पण समोर एक जण बोंबलत असताना गप्प बसलेल्याकडे आधी जायला नुसतं वाचन पुरत नाही.

“बोंबलतंय ते वाचतंय साहेब,” मामा नंतर म्हणाले. “गप बसलंय त्याला आदी बगा.”

गवंडी वाचला. जाताना त्यानं मलाच नमस्कार केला, मामांना नाही.

पाऊल हातात घेण्याची मामांची एक पद्धत होती. आधी ते स्वतःचा तळहात काखेत धरून बसायचे, मिनिटभर. मी एकदा चेष्टेनं विचारलं, “मामा, हात चोरीला जाईल म्हणून लपवताय काय?” तर म्हणाले, “आपलाच हात गार आसला तर समद्यांचे पाय गरम लागत्यात की.” मग पाऊल, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी नाकाचा शेंडा. बोटाच्या मागच्या बाजूनं, लहान मुलाला लावावं तसं. बायकांना मात्र ते कधी परस्पर हात लावत नसत. पद्मा सिस्टरला हाक मारायचे आणि शेजारी उभे राहून विचारायचे, “नाक बगितलं का?” पद्मा सिस्टर तेलुगू घरातली, विणकराची लेक, जिभेनं तिखट. ती म्हणायची, “हो मामा, नाक जागेवर आहे.”

पायाला हात लावून घेणं मात्र पेशंटला जड जायचं. पांढऱ्या दाढीचा माणूस आपले पाय धरतोय म्हटल्यावर विशीतली पोरं पाय ओढून घ्यायची. “आवो चाचा, पाय नका धरू, पाप लागंल आमाला.” मामा पाय सोडत नसत. “पाप मला लागू दे, तू गप पड,” म्हणायचे. कानडी माणूस असला तर “मलको, मलको, एनू आगल्ला,” म्हणजे पडून राहा, काही होत नाही. हे ‘काही होत नाही’ ते इतक्या सवयीनं म्हणत की माणसाचा जीव खरंच थोडा खाली बसायचा.

या विषावर आम्ही एक गोळी देत असू, प्राझोसिनची. गोळी स्वस्त, गुणी, पण तिची एक अट असते: घेतल्यावर उठायचं नाही. एकदम उभं राहिलं तर रक्तदाब पडतो आणि माणूस जमिनीवर. आता आपल्याकडे डॉक्टर आला की खेड्यातला माणूस उठून उभा राहतोच. मरायला टेकलेला असला तरी उठतो. माझ्यासमोर एक निवृत्त शाळामास्तर असेच अदबीनं उठले आणि माझ्या अंगावरच कोसळले. तेव्हापासून गोळी दिली की मामा खाटेशी वाकून दम भरायचे: “हितं कुणाला मान द्यायचा न्हाय. देव आला तरी पडून ऱ्हायाचं.”

एकदा विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष वॉर्ड बघायला आले. बाकी सगळे पेशंट, नातेवाईक, सिस्टर खाडकन उभे. विंचवाचे तिघे मात्र छताकडे बघत आडवे. त्यातला एक जरा हलला, तर मामांनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि अध्यक्षांकडे बघून हसले. अध्यक्षांचा चेहरा उतरला. मी पुढे होऊन कारण सांगितलं, पण तोवर त्यांच्या मनात वॉर्डबॉयचा चेहरा बसला तो बसलाच. तेव्हा आम्ही सिस्टरच्या खोलीत जाऊन पोट धरून हसलो होतो. पुढे ते हसू आमच्यातल्या एकालाच महागात पडलं.

वर्षभरात मी तयार झालो, असं मला वाटायला लागलं. मीही पाय हातात घ्यायचो. गरम असले तर थोडा वेळ ठेवून घरी, गार असले तर गोळी आणि खाट. खेड्यापाड्यांत आमची कीर्ती झाली होती. ‘पाय गार लागले की ठेवून घेत्यात, गरम लागले की सोडत्यात,’ असं लोक एकमेकांना सांगायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणजे काय, ते मला विचारा.

त्या दिवशी लग्नाची मोठी तिथी होती. सकाळी नऊच्या सुमाराला कुंभारीहून एक जीप आली. सुरेखा नावाची तेवीस-चोवीस वर्षांची सून. घरात नणंदेचं लग्न, मांडवातल्या सतरंज्या ओढताना हाताला विंचू चावला. बरोबर नवरा मल्लिनाथ आणि सासू. साडेबाराच्या अक्षता. सुरेखा शांत होती. दुखतंय का विचारलं तर “थोडं थोडं” म्हणाली आणि हसली. कपाळावर घाम होता, पण भरजरी साडी होती, मे महिना होता. ओपीडीत पन्नास माणसं होती. मी तिचे पाय बघितले. छान गरम.

तासाभरानं मी तिला सोडलं. ती व्हरांड्यातून चालत निघाली, तेव्हा मामा रिकामी स्ट्रेचर घेऊन समोरून येत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, स्ट्रेचर भिंतीला लावली आणि माझ्याकडे आले.

“साहेब, ह्या पोरीला जरा थांबवा की. नाक बगितलं का?”

सगळ्यांदेखत विचारलं होतं. मला राग आला.

“मामा, पाय गरम आहेत. मी स्वतः बघितलेत.”

“पाय आसतील. पन लई गप हाय ती. दोन तास पडू द्या निस्तं.”

सासू मध्ये पडली, “आवो, अक्षता हायत घरी!”

“बघताय ना गर्दी?” मी मामांना म्हणालो. “जा, स्ट्रेचर आत न्या.”

ते गप्प बसले. म्हणजे त्यांच्या त्या चौथ्या भाषेत त्यांनी बरंच काही सांगितलं असणार. मी पुढचा कागद ओढला.

चार वाजता तीच जीप परत आली. सुरेखाच्या तोंडाला गुलाबी फेस होता. मुंडावळ्या बांधलेली नणंद बरोबर होती, तशीच, हातातल्या हिरव्या चुड्यासकट. आम्ही जे जे करता येतं ते सगळं केलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. सासू भिंतीला डोकं आपटत एकच वाक्य म्हणत होती, “म्या तर पाय शेकून आणलं हुतं गं बाई!” तेव्हा मला कळलं. पाय गार लागले की ठेवून घेतात, हे तिनं ऐकलं होतं. लेकीच्या लग्नात सून घरी असावी म्हणून तिनं तापवलेल्या विटा फडक्यात गुंडाळून जीपमध्ये सुनेच्या पायाशी धरल्या होत्या, कुंभारीपासून दवाखान्याच्या दारापर्यंत. पोटच्या पोरीसारखं शेकलं होतं. मामांनी नाक बघितलं असतं; नाक काही कुणी शेकलं नव्हतं. मी निम्मंच शिकलो होतो.

चौकशी बसली. माझ्या वरच्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, “लिहिताना जपून लिही. तुला पुढं एम.डी. करायचंय.” मी जपून लिहिलं. ‘पाय गरम असल्याचे वॉर्डबॉयने तपासून सांगितले.’ एवढंच वाक्य. ते लिहायला मला अर्धा मिनिटही लागलं नसेल. मी ते कुणाच्या धाकानं लिहिलं असं म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही. मला भीती वाटली आणि मी लिहिलं.

समितीपुढे त्याच अध्यक्षांनी मामांना विचारलं, “तुम्ही पेशंटचे पाय तपासता, हे खरं का?”

“व्हय, रोजच बगतो,” मामा म्हणाले. त्यांना वाटलं असेल, पुढचा प्रश्न त्या दिवसाबद्दल येईल. तो आलाच नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरवरची तारीख वाचत होतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या गोष्टीतला चोर फाशी बघायला समोर हजर असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. मामांना कॅज्युअल्टीतून काढून कपड्यांच्या कोठीत पाठवलं. ‘यापुढे कोणत्याही रुग्णास स्पर्श करू नये,’ असा कागद त्यांच्याकडून सही करून घेतला. कुंभारीच्या लोकांत बातमी गेली ती अशी, की एका शिपायानं पाय बघून पोरगी घरी पाठवली आणि ती मेली. मल्लिनाथ एकदा कोठीच्या दाराशी येऊन त्यांना वाटेल ते बोलून गेला. मामा हातातली चादर घडी घालत राहिले, असं पद्मा सिस्टरनं सांगितलं. ती माझ्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलायची.

पण सवय कुठे जाते? विंचवाचा पेशंट आला की मामा चादरी पोचवायच्या निमित्तानं खाली यायचे. पायावर चादर घालताना हात क्षणभर जास्त रेंगाळायचा. मग जाता जाता ते भिंतीला सांगितल्यासारखं बोलायचे, “ह्यास्नी दोन चादरी लागत्याल.” दोन चादरी म्हणजे गार. एक म्हणजे बरा. पद्मा सिस्टर तेवढ्यावर गोळी काढून ठेवायची आणि मला म्हणायची, “डॉक्टर, बघून घ्या.” मी तिथे होतो त्या पुढच्या सात महिन्यांत दोन चादरींचा एकही पेशंट आमच्या हातून गेला नाही. त्यांच्याशी मी एकदाही बोललो नाही. जिना चढताना समोर आले तर मी मोबाइल काढायचो.

पुढे मी पुण्याला गेलो, एम.डी. झालो, परत सोलापुरात आलो, दवाखाना टाकला. मामा निवृत्त होऊन मैंदर्गीला गेल्याचं पद्मा सिस्टरकडून कळलं. गेल्या वर्षी जूनमध्ये मी अखेर गाडी काढली. इतकी वर्षं का लागली, याला कारण नाही. रोज उद्यावर ढकललं की वर्षं होतातच.

ते बाजाराच्या मागे, मुलाच्या पिठाच्या गिरणीजवळ बाजेवर बसले होते. फार थकलेले. मला त्यांनी लगेच ओळखलं, सुनेला चहा टाकायला लावला, बायको-मुलांची चौकशी केली. मी चहा तसाच ठेवून म्हणालो, “मामा, मी खोटं लिहिलं होतं.”

“ठावं हाय की.”

“माफ करा म्हणायला आलोय.”

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “मला काय सांगताय साहेब? मला ठावंच हाय. ज्याला ठावं न्हाय त्याला सांगा. त्यो मल्लिनाथ अजून मला कसाई म्हनतोय. अक्कलकोटच्या स्टँडवर दिसलो तर थुकतोय.”

“तुम्ही का नाही सांगितलं त्याला?”

“म्या सांगून कोन मानतंय? चोर कवा म्हनतोय व्हय, चोरी म्या केली?” ते जरा हसले. “तुमच्या वाटंवरच हाय. कुंभारीत कामगारांच्या वसाहतीत ऱ्हातो. आज घरीच आसंल, आयतवार हाय. आन् म्हातारीला काय बोलू नगा. तिनं मायेनंच शेकलं.”

जाताना ते काठी टेकत रस्त्यापर्यंत आले. “आज जावा बरं का,” म्हणाले. मी हो म्हणालो.

कुंभारीचा फाटा आला तेव्हा मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. पाचएक मिनिटं तसाच बसलो. मग संध्याकाळचे पेशंट आठवले. खरं तर आठवून घेतले. आणि सोलापूरला आलो. पुढच्या रविवारी जाऊ, असं ठरवलं. त्याच्या पुढच्याही रविवारी.

फेब्रुवारीत पद्मा सिस्टरचा फोन आला. “मामा गेले,” एवढंच म्हणाली. मी मातीला पोचलो नाही. पोचलो नाही म्हणजे, निघालोच नाही.

त्यानंतरच्या रविवारी मात्र मी कुंभारीला गेलो. आता कुणी विचारणारं उरलं नव्हतं म्हणून गेलो की काय, देव जाणे. वसाहतीत एका पोराला विचारलं, त्यानं दार दाखवलं. मल्लिनाथचे केस पिकले होते. मी नाव सांगायच्या आधीच तो म्हणाला, “डॉक्टर न्हवं तुमी?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“ते मामा सांगून गेले हुते. डॉक्टर यील म्हणून.” त्यानं खुर्ची पुढे केली. “दोनदा आले हुते. पयल्यांदा पावसाळ्यात. म्या दारातनंच हाकललं. मंग दिवाळी झाल्यावर परत आले, यष्टीनं, काठी टेकत. म्हातारं मानूस उनात उभं ऱ्हायलं, म्हणून बसा म्हनलं, पाणी दिलं. काय काम हाय इचारलं, तर म्हनले, काय न्हाय, डॉक्टर यिऊन गेले का तेवढं बगाया आलतो. न्हाय आले म्हनलं. बरं म्हनले. गाडी यीस्तवर त्या समोरच्या कट्ट्यावर बसले आन् गेले.”

मी कट्ट्याकडे बघितलं. सिमेंटचा साधा कट्टा. त्यावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

“काय सांगायचं हुतं तुमाला?” मल्लिनाथनं विचारलं.

“सुरेखाचे पाय मी बघितले होते,” मी म्हणालो. “मामांनी नाही. ते तिला थांबवा म्हणत होते. मी ऐकलं नाही, आणि नंतर त्यांचं नाव लिहिलं.”

तो ओरडेल, अंगावर येईल, असं मला वाटलं होतं. आलेलं बरं झालं असतं. तो उंबऱ्यावर बसला. आत त्याची आई कुणाशी तरी बोलत होती, तिला यातलं काही ऐकू गेलं नसावं. मग त्यानं कट्ट्याकडे बघितलं.

“ते हितं बसले हुते, तवा यायचं हुतं की डॉक्टर,” तो म्हणाला.